पाण्यात उतरण्याआधी समुद्राकडे पाठ करा

किनाऱ्यावर पोचलं की सगळे समुद्राकडे बघतात. मी आधी त्याच्याकडे पाठ करते. चपला काढायच्या आधी पाच मिनिटं जमिनीकडे तोंड करून उभी राहते आणि शोधते. पावसाचं पाणी कुठून खाली येतं? भिंतीतून पाइप कुठे बाहेर निघालाय? ओढा वाळू कापून कुठे समुद्राला मिळतो? शौचालय कुठल्या बाजूला आहे, आणि त्याचा उतार कुठे जातो?

पोहण्याच्या किनाऱ्यांवरून पाण्याचे नमुने गोळा करायचे आणि प्रयोगशाळेत त्यातले जंतू मोजायचे, हे काम मी अकरा वर्षं केलं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की मनात बसली. काठाजवळचं पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा जमिनीवरून आलेल्या पाण्याने. त्यामुळे ‘आज पाण्यात जायचं का’ याचं उत्तर लाटांच्या रंगात कमी आणि तुमच्या पाठीमागच्या उतारावर जास्त सापडतं. मुलाबाळांना घेऊन किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला हे वाचता यावं असं मला फार वाटतं, कारण शिकायला सोपं आहे आणि कुठलंही यंत्र लागत नाही.

आधी नाला शोधा

जिथे डुंबायचं आहे तिथून दोन्ही बाजूंना पाच-सात मिनिटं चालत जा. शहराजवळचा किनारा असेल तर कुठेतरी एखादा पाइप, नाला, ओढा किंवा खाडीचं तोंड सापडणारच. सापडला की तिथे थांबा आणि नीट बघा.

पहिली गोष्ट, तो वाहतोय का? पाऊस पडून आठवडा झाला असेल, तर पावसाच्या पाण्याचा नाला कोरडा असायला हवा. तरीही त्यातून धार येत असेल तर ते पाणी कुठल्यातरी घरातलं, हॉटेलातलं, गाड्या धुण्याच्या जागेवरचं किंवा फुटलेल्या मैलापाण्याच्या वाहिनीतलं असतं. कोरड्या दिवसातली धार मला पावसाळी लोंढ्यापेक्षा जास्त खटकते, कारण ती रोज वाहते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दुसरी गोष्ट, तोंडाशी काय साचलंय? पाइपच्या ओठावर बुळबुळीत करडा किंवा पांढुरका थर, खालच्या दगडांवर गडद हिरवं शेवाळ, आणि पायाने वाळू जराशी उकरली की खाली काळी वाळू आणि कुजक्या अंड्याचा वास. ही काळी वाळू म्हणजे तिथे सेंद्रिय घाण इतकी साचली आहे की वाळूतला प्राणवायू संपला. वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. समुद्रशेवाळ ढिगाने कुजलं तरी असा वास येतो, हे खरं. पण पाइपच्या तोंडाशी काळी वाळू असेल आणि आसपास शेवाळाचा ढीग नसेल, तर मी मुलांना घेऊन तिथून दूर जाते.

तिसरी गोष्ट, पाणी समुद्रात शिरल्यावर कुठे जातं? एक सुकी काडी किंवा पान धारेत टाका आणि दोन-तीन मिनिटं त्याच्यावर नजर ठेवा. लाटा काठाला तिरप्या येतात, म्हणून काठालगतचं पाणी कुठल्यातरी एका बाजूला सरकत असतं. काडी डावीकडे गेली तर नाल्यातलं पाणीही डावीकडे जातंय. मग तुम्ही उजवीकडे जा.

किती दूर? अमेरिकेत सांता मोनिकाच्या उपसागरात १९९५ साली १०,००० हून जास्त पोहणाऱ्यांची पाहणी झाली होती. पावसाळी नाल्यांच्या तोंडाशी पोहलेले लोक आणि तिथून ४०० यार्ड, म्हणजे साधारण ३६५ मीटर दूर पोहलेले लोक यांची तुलना केली. ताप, थंडी वाजणं, उलट्या, कानातून पाणी येणं, कफाचा खोकला हे सगळं नाल्यापाशी पोहणाऱ्यांत जास्त निघालं. मी शंभर मीटर ही अगदी कमीत कमी मर्यादा मानते. नाला वाहता असेल तर तीन-चारशे मीटर चालून जाते. एवढं चालायचा कंटाळा येतो, मुलं कुरकुर करतात. तरी चालायचं.

कधी कधी ओढा समुद्राला न मिळता वाळूच्या बांधाआड थांबलेला असतो. उथळ, कोमट, लाटा नसलेलं डबकं. लहान मुलं धावत तिथेच जातात आणि आईवडिलांनाही हायसं वाटतं. त्या डबक्यात सगळ्या उताराचं पाणी येऊन मुरत पडलेलं असतं. त्यात पाय बुडवू देऊ नका.

पाऊस कधी पडला

हा सगळ्यात मोठा प्रश्न, म्हणून यावर जरा थांबते.

पाऊस पडतो तेव्हा रस्ते, गच्च्या, अंगणं, कचराकुंड्यांच्या आसपासची जमीन हे सगळं धुऊन निघतं. जनावरांची विष्ठा, गाड्यांचं तेल, कुजकं अन्न, सगळं नाल्यात आणि तिथून समुद्रात. बऱ्याच जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच वाहिनीतून जातं. जोराचा पाऊस आला की ती वाहिनी तुंबते, आणि घरांत पाणी उलटं येऊ नये म्हणून वरचं पाणी तसंच्या तसं नदीत किंवा समुद्रात सोडायची सोय त्या रचनेतच केलेली असते. म्हणजे मोठ्या पावसानंतर किनाऱ्यावर मैलापाणी येणं हा अपघात नसतो. ती वाहिनी बांधली तेव्हाच ते ठरलेलं होतं.

कोपनहेगनच्या बंदरात पोहायला २००२ साली पुन्हा परवानगी मिळाली. त्यासाठी शहराला पावसाचं जास्तीचं पाणी साठवायच्या टाक्या बांधाव्या लागल्या, आणि आजही मोठ्या पावसाने वाहिन्या ओसंडल्या की तिथे पोहणं तात्पुरतं बंद करतात. इतका खर्च करून स्वच्छ केलेलं पाणीही पावसापुढे थांबतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

माझा स्वतःचा नियम असा : मोकळा, लाटा फुटणारा किनारा असेल तर जोराच्या पावसानंतर निदान दोन दिवस पाण्यात नाही. खाडीच्या तोंडाशी, बंदरात किंवा बांधाआड असेल तर तीन दिवस नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात सरसकट ७२ तास थांबायला सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये मोकळ्या किनाऱ्यासाठी एक दिवस आणि खाड्यांसाठी तीन दिवसांपर्यंत असा सल्ला असतो. आकडे वेगळे दिसले तरी तर्क एकच आहे. जिथे पाण्याची अदलाबदल भराभर होते तिथे घाण लवकर पातळ होते. आणि बऱ्याच कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस असेल तर त्यात एक दिवस आणखी मिळवा. कित्येक आठवड्यांची साचलेली घाण त्या एका पावसात उतरते.

हा नियम मला कागदावरून कळला होता, पण मनात उतरला तो भाचीमुळे. ती तेव्हा आठ वर्षांची होती.

एका मंगळवारी सकाळी मी एका किनाऱ्याचा नमुना घेतला. आभाळ स्वच्छ, आठवडाभर पाऊस नाही. आमच्याकडे पद्धत अशी होती : समुद्राचं पाणी दहापट पातळ करायचं, त्यात पोषक भुकटी मिसळायची, ५१ खाचांच्या प्लास्टिकच्या पाटीत ओतून वरून सील करायची आणि ४१ अंश सेल्सिअसला चोवीस तास ठेवायची. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरली की ज्या खाचेत जंतू वाढलेत ती खाच निळी चमकते. चमकणाऱ्या खाचा मोजायच्या, तक्त्यात बघायचं, आकडा लिहायचा. बुधवारी ती पाटी दिव्याखाली धरली तेव्हा सगळ्या खाचा काळ्या होत्या. पाणी उत्तम. किनाऱ्यावर हिरवा फलक लागला.

बुधवारी रात्री धो धो पाऊस झाला. गुरुवारी सकाळी लख्ख ऊन, पाणी निळंशार, मला रजा. भाचीला घेऊन मी त्याच किनाऱ्यावर गेले. ती तासभर डुंबली, नाकातोंडात पाणी गेलं, खूप हसली. शुक्रवारी रात्री तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. तीन दिवस ती अंथरुणाला खिळून होती. ‘मावशी, पण फलक तर हिरवा होता ना?’ असं तिने मला विचारलं. तो हिरवा फलक माझ्याच हातच्या नमुन्याचा होता.

गुरुवारी सकाळी माझ्या सहकाऱ्याने नमुना घेतला होता. शुक्रवारी त्याची पाटी दिव्याखाली धरली तेव्हा एकही खाच काळी नव्हती. एक्कावन्नच्या एक्कावन्न निळ्या. फलक शुक्रवारी दुपारी लाल झाला. तिचं दुखणं त्या पाण्यातूनच आलं हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या दिवसापासून कुणी विचारलं की मी आधी पाऊस विचारते आणि मग फलक.

फलकावर काय वाचायचं

फलक किंवा संकेतस्थळ असेल तर जरूर बघा, फक्त ते काय सांगतं आणि कधीचं सांगतं हे कळलं पाहिजे.

पाण्यात रोग पसरवणारे जंतू शेकडो प्रकारचे असू शकतात. प्रत्येक शोधत बसणं शक्य नसतं. म्हणून माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात नेहमी असणारे, सहज मोजता येणारे जंतू मोजतात. ते सापडले म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली आहे, आणि तिच्याबरोबर बाकीचं काहीही आलेलं असू शकतं. गोड्या पाण्यासाठी बहुधा ई. कोलाय मोजतात. समुद्रासाठी एंटरोकॉकस जास्त विश्वासाचे, कारण खाऱ्या पाण्यात ते ई. कोलायपेक्षा जास्त काळ टिकतात, आणि पोहणाऱ्यांच्या आजारपणाशी त्यांच्या आकड्याचा मेळ चांगला बसतो. १९७० च्या दशकात संशोधक व्हिक्टर कॅबेली यांनी न्यूयॉर्क, बोस्टन अशा ठिकाणच्या किनाऱ्यांवर ही जुळणी दाखवली आणि तिथून समुद्रासाठी हा मापदंड रुजला.

आकडे नेहमी १०० मिलिलिटर पाण्यातले असतात, म्हणजे एका छोट्या पेल्याएवढे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०१२ च्या निकषांत एंटरोकॉकसची सरासरी ३५ च्या वर जाऊ नये असं आहे. ही सरासरी गुणोत्तरीय असते, म्हणजे एखाद्या दिवशीच्या अफाट आकड्याने ती एकदम उसळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांत वेगळी मांडणी आहे. किनाऱ्याच्या शंभरातल्या पंच्याण्णव नमुन्यांचा आकडा ४० किंवा त्याखाली असेल तर पोटाचा विकार होण्याची शक्यता एका वेळच्या पोहण्यात एक टक्क्याहून कमी. तो आकडा २०० पर्यंत असेल तर एक ते पाच टक्के, ५०० पर्यंत पाच ते दहा टक्के, आणि त्यापुढे दहा टक्क्यांहून जास्त. दहा टक्के ऐकायला कमी वाटतात. दहा मुलांची सहल नेली तर एक मूल आजारी, असा हिशेब केला की मग ते टोचतात.

युरोपात २००६ च्या निर्देशानुसार किनाऱ्यांचे ‘उत्कृष्ट’, ‘चांगला’, ‘पुरेसा’ आणि ‘निकृष्ट’ असे चार वर्ग करतात. ही वर्गवारी सहसा चार हंगामांच्या नमुन्यांवरून होते. म्हणजे ‘उत्कृष्ट’ हे त्या किनाऱ्याचं चारित्र्य झालं, आजची तब्येत वेगळी असू शकते. ब्लू फ्लॅगचंही तसंच. १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेला हा निळा झेंडा आता जगभर दिसतो. तो मिळवायला पाणी, स्वच्छतागृहं, जीवरक्षक असे बरेच निकष पाळावे लागतात, त्यामुळे झेंडा असलेला किनारा निवडणं शहाणपणाचंच. पण झेंडा हंगामाचा असतो आणि पाऊस काल रात्रीचा.

फलकासमोर उभं राहून तीन गोष्टी शोधा. नमुना कुठल्या तारखेचा? नेमक्या कुठल्या जागेचा? आणि आकडा किती? नुसता हिरवा ठिपका असेल आणि तारीख नसेल तर मी त्याला फारशी किंमत देत नाही. तारीख पाच दिवसांपूर्वीची असेल आणि मध्ये पाऊस झाला असेल तर तो फलक आजच्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. काही ठिकाणी आता जंतूंचा डीएनए मोजून त्याच दिवशी निकाल देतात. सॅन डिएगो परगण्याने २०२२ मध्ये ही पद्धत नेहमीच्या कामात आणली. ती सगळीकडे यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वेळ आणि जागा

ऊन जंतूंना मारतं. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण काठालगतच्या निवळ पाण्यात चांगले खोल जातात, म्हणून पहाटे घेतलेल्या नमुन्यात आकडा जास्त आणि दुपारी कमी, असं पुष्कळ वेळा दिसतं. गढूळ पाण्यात हा फायदा मिळत नाही, कारण ऊन आत पोचतच नाही. शिवाय उन्हाने जंतू मेले तरी विषाणू जास्त चिवट असतात. त्यामुळे दुपारचं ऊन ही थोडीशी मदत समजा, हमी समजू नका.

भरती-ओहोटीचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भरतीला समुद्राचं पाणी खाडीत आणि नाल्यात घुसतं, ओहोटीला तिथलं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून खाडीच्या तोंडाजवळ पोहायचंच असेल तर पाणी चढत असतानाची वेळ बरी, उतरत असतानाची वाईट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाणी वाळूवर फार वर चढतं, वरच्या वाळूतली, कुजक्या शेवाळातली, पक्ष्यांच्या शिटीतली घाण सोडवतं आणि ओहोटीबरोबर खाली आणतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवर उधाणाच्या ओहोटीला एंटरोकॉकस जास्त सापडतात असं अभ्यासात दिसलं आहे. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा ओढही जबर असतो, तेव्हा ती वेळ दोन्ही बाजूंनी टाळण्यासारखी.

आता एक गोष्ट सांगते, ती बहुतेकांना पटायला जड जाते. लहान मुलांसाठी आपण लाटा नसलेला, दगडी बांधाआडचा, तळ्यासारखा शांत कोपरा निवडतो. बुडण्याच्या भीतीने ते बरोबरच आहे. पण पाण्याच्या स्वच्छतेत हे शांत कोपरे बऱ्याचदा सगळ्यात मागे असतात. पाणी हलत नाही, बाहेरचं आत येत नाही, नाल्याचं आलेलं तिथेच फिरत राहतं, आणि छोट्या मुलांची लंगोटं त्यात भर घालतात. लॉस एंजेलिसजवळच्या मरीना डेल रे या बंदराच्या पोटात ‘मदर्स बीच’ नावाचा असाच किनारा आहे. आईबाळांसाठी म्हणून ओळखला जाणारा, आणि वाईट पाण्यासाठी वर्षानुवर्षं गाजलेला. मग मुलांना न्यायचं कुठे? मोकळ्या किनाऱ्यावर, जीवरक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात, घोट्यापर्यंतच्या पाण्यात, आणि तुमचा हात त्यांच्या हातात.

डोळे आणि नाक

निवळ पाणी म्हणजे स्वच्छ पाणी, हा समज सोडून द्या. एक्कावन्न खाचा निळ्या झालेला तो नमुना काचेसारखा स्वच्छ दिसत होता. उलट गढूळ पाणी कधी कधी फक्त वाळू ढवळल्याने गढूळ असतं. तरीही गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःची बोटं दिसत नसतील तर मी आत जात नाही. जंतूंचं सोडा, पायाखाली काच आहे की दगड हेही कळत नाही.

भरतीची रेघ मात्र वाचायला शिका. वाळूवर केरकचऱ्याची जी ओळ उमटलेली असते ती. तिच्याजवळ उकिडवं बसा आणि बघा. बाटल्या, पिशव्या, दोऱ्या या कुठूनही येतात. पण कान कोरायच्या काड्यांच्या प्लास्टिकच्या दांड्या, करड्या पडलेल्या ओल्या टिश्यूंचे पिळे, सॅनिटरी पॅडचे तुकडे यांचा रस्ता सहसा संडासातूनच असतो. अशा बारीक दांड्या मी एका हाताच्या अंतरात सात-आठ मोजल्या की मला प्रयोगशाळेची गरज वाटत नाही. त्या ताज्या असतील, अजून ओल्या रेघेत असतील, तर गेल्या एक-दोन भरत्यांत मैलापाणी आलेलं आहे.

फेस पांढरा असेल, हाताने दाबला की विरत असेल, तर तो बहुधा सूक्ष्म शैवालाचा. साबणासारखा वास येणारा आणि फक्त नाल्याच्या बाजूला असलेला फेस वेगळा. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग असेल तर काडीने तो मोडून बघा. तेलाचा तवंग पुन्हा जुळतो, जंतूंची साय असेल तर तुकडे होऊन तसेच राहतात. पाणी लालसर, तपकिरी किंवा हिरव्या रंगासारखं दाट दिसत असेल, काठावर मेलेले मासे असतील, किंवा नुसतं उभं राहून घसा खवखवून खोकला येत असेल, तर ते विषारी शैवालाचं लक्षण असू शकतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर कारेनिया ब्रेव्हिस नावाचं शैवाल वाढतं तेव्हा त्याचं विष लाटांच्या तुषारांतून हवेत येतं आणि पाण्यात न उतरताही लोक खोकतात. दम्याचा त्रास असलेल्याने तिथून लगेच निघावं.

उतरायचं ठरलं तर

आजारी पाडतं ते मुख्यतः गिळलेलं पाणी. तरणतलावात झालेल्या एका प्रसिद्ध मोजणीत ४५ मिनिटांत मुलांच्या पोटात सरासरी ३७ मिलिलिटर पाणी गेलं, मोठ्यांच्या १६. मुलं दुपटीहून जास्त गिळतात, वजनाने अर्धी असतात, आणि पाण्यात राहतातही जास्त वेळ. म्हणून मुलांना आत सोडण्याआधी ‘तोंड मिटून’ हा खेळ शिकवा, आणि शंका असलेल्या दिवशी डोकं बुडवायला मनाई करा. फक्त पाय भिजवण्यात धोका पुष्कळ कमी.

अंगावर ताजी जखम, फोड, नवीन गोंदण किंवा टाके असतील तर समुद्रात जाऊ नका. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. ते मैलापाण्यातून यावे लागत नाहीत, ते तिथलेच रहिवासी. यकृताचा आजार असलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना त्यांच्यापासून जिवाचा धोका असतो. पाण्यातून आल्यावर जखमेभोवती लाली भराभर पसरत असेल, फार दुखत असेल, ताप असेल, तर सकाळपर्यंत वाट बघू नका. डॉक्टरांकडे त्याच वेळी जा आणि ‘समुद्रात गेलो होतो’ हे आधी सांगा. या एका वाक्यावरून औषध बदलतं.

वाळूकडे कुणी लक्ष देत नाही. ओलसर, सावलीतल्या वाळूत जंतू पाण्यापेक्षा जास्त काळ तग धरतात. वाळूत खड्डे खणणाऱ्या आणि अंगावर वाळू ओढून घेणाऱ्या मुलांत जुलाबाचं प्रमाण जास्त असल्याचं अभ्यासात आढळलं आहे. किल्ले करू द्या, खणू द्या, पण खाण्याआधी साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका. नखांतली वाळू नुसत्या पाण्याने जात नाही.

बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवा, कान तिरपा करून पाणी काढा आणि टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपा. काडी घालू नका. आणि घरात कुणाला जुलाब होत असतील तर त्याला पाण्यात नेऊच नका, बरं वाटल्यावरही काही दिवस. पोहणारी माणसंही पाणी घाण करतात, आपणही त्यातच आलो.

वही ठेवा आणि कळवा

एकाच किनाऱ्यावर नेहमी जात असाल तर एक छोटी वही करा. तारीख, शेवटचा पाऊस कधी, भरती की ओहोटी, नाला वाहत होता का, भरतीच्या रेघेत काय दिसलं, आणि नंतर घरात कुणी आजारी पडलं का. एका हंगामात तुमच्या किनाऱ्याची खोड तुमच्या लक्षात येईल.

स्वतः तपासणी करून घ्यायची असेल तर बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्या. प्यायच्या पाण्याची रिकामी बाटली चालत नाही. निदान मीटरभर खोल पाण्यात जा, तुमच्या पायांनी उठलेला गाळ बसू द्या, बाटली उपडी धरून फूटभर खाली न्या आणि तिथे प्रवाहाकडे तोंड करून भरा. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. बर्फाच्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवा आणि काही तासांत पोचवा. एका नमुन्यावर विसंबू नका. त्याच किनाऱ्यावरचा आकडा काही मिनिटांतही बदलतो.

कोरड्या दिवसांत वाहता पाइप दिसला तर तक्रार करा, आणि अशी करा की ती बाजूला सारता येणार नाही. ‘पाणी घाण आहे’ असं लिहिलं तर कुणी हलत नाही. पाइप नेमका कुठे, हे जवळच्या पायऱ्यांपासून किंवा दिव्याच्या खांबापासून पावलं मोजून लिहा. वेळ, ओहोटी होती की भरती, पाण्याचा रंग आणि वास, शेवटचा पाऊस पडून किती दिवस झाले, आणि दोन फोटो : एक जवळून पाइपच्या तोंडाचा, एक लांबून, ज्यात आसपासची खूण दिसेल. मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाऊन तोच फोटो पुन्हा काढा. एक दिवस वाहिलेला पाइप ‘कुणीतरी अंगण धुतलं असेल’ म्हणून सुटतो. सलग चार दिवसांचे फोटो हातात पडले की माणूस पाठवून झाकण उघडून बघावंच लागतं.